मांडव्य ऋषींचा आश्रम आणि आपल्या घरचा वायफायचा डबा

॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥



मागच्या महिन्यात गटांमध्ये एक प्रश्न फिरत होता. आपल्याला माहीतच नसताना आपल्या हातून, आपल्या घरातून कुणाचं वाईट झालं, तर त्याचा दोष आपल्याला लागतो का? उत्तरं पुष्कळ आली. कुणी म्हणालं, मनात पाप नाही तर दोष कसला. कुणी म्हणालं, विस्तवावर न कळत पाय पडला तरी भाजतंच. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत, आणि दोन्ही अर्धीच आहेत. म्हणून सेवा मंडळातल्या आम्ही काही जणींनी बसून यावर विचार केला, तो या अंकात मांडतो आहोत. उदाहरण जरा वेगळं घेतलंय. देव्हाऱ्यातलं नाही, टीव्हीच्या शोकेसवरचं आहे. पण सुरुवात महाभारतापासून करू.

आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट येते. ऋषी आश्रमाच्या दारात झाडाखाली हात वर करून तप करत उभे असतात. मौनव्रत असतं. राजाचे शिपाई मागे लागलेले चोर पळत येतात, लुटीचा माल आश्रमात दडवतात आणि स्वतःही तिथेच लपतात. शिपाई येऊन विचारतात, चोर कुठं गेले? ऋषी बोलत नाहीत. शिपाई आत शिरतात, चोर सापडतात, मालही सापडतो. झालं! राजा चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढवतो. पुढे राजाला चूक कळते, तो पाया पडतो, पण सूळ काही निघत नाही, कापावा लागतो. त्याचं टोक शरीरातच राहतं, म्हणून नाव पडलं अणीमांडव्य.

मग हे ऋषी थेट धर्मराजाकडे जाऊन जाब विचारतात. कोणत्या पापाची ही शिक्षा? उत्तर मिळतं, लहानपणी तुम्ही किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्या. ऋषी संतापतात. काही कळत नसलेल्या पोराला एवढी शिक्षा? ते धर्मराजाला शाप देतात, तोच पुढे विदुर होऊन जन्माला येतो. आणि त्याचवेळी ते एक मर्यादा घालून देतात: वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचं पाप लागणार नाही.

कीर्तनात ही गोष्ट बहुतेक शापावर संपते. आम्हाला ती मर्यादा जास्त महत्त्वाची वाटते. 'माहीत नव्हतं' ही सबब ऋषींनी मान्य केली, पण तिला वय लावून दिलं. म्हणजे अजाणतेपण कधीतरी संपतं, आणि ते कधी संपतं हे ठरवावं लागतं. आता आपल्या काळातली एक घटना बघा.

२६ जुलै २००८. अहमदाबादेत संध्याकाळी एकामागून एक बाँबस्फोट झाले, ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथं एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होता. ईमेल त्याच्या वायफायवरून गेला होता. चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासले गेले, नाव जगभर छापून आलं. शेवटी निष्पन्न झालं की त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याचं वायफाय नीट बंदिस्त नव्हतं, आणि दुसऱ्याच कुणी ते बाहेरून वापरलं होतं. त्यानंतर २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि १३ सप्टेंबरला, म्हणजे दिल्लीतल्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून असेच ईमेल गेले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस रस्त्यारस्त्यानं फिरून कुणाचं वायफाय उघडं आहे ते तपासायला लागले.

आश्रम एकाचा, चोर दुसरेच, आणि शिपाई आश्रमवाल्याच्या दारात. हजारो वर्षांनी तीच गोष्ट.

तेव्हा निदान एवढं होतं की असं करायला माणसाला त्या इमारतीच्या आसपास यावं लागत होतं. आता तेही लागत नाही. वायफायला आपण पासवर्ड लावलेला असतो, पाहुण्यांनासुद्धा विचारून विचारून देतो, आणि तरीही सातासमुद्रापलीकडचा माणूस आपल्या डब्यात शिरू शकतो. कसं, ते सांगतो. मुलांना विचारलं तर ती इंग्रजीत भराभरा सांगून मोकळी होतात. आम्ही आपल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

आपल्या उत्सवातला महाप्रसाद आठवा. माईकवर बसलेल्या सेवेकऱ्याकडे चिठ्ठ्या येतात. चिठ्ठीवर रकाने असतात: नाव, गाव, सेवा. तो वाचतो, अमुक अमुक, गाव बेला, तांदळाची सेवा. आता समजा, गावाच्या रकान्यात कुणी लिहिलं, 'बेला. कोठीची किल्ली दारात उभ्या असलेल्या माणसाकडे द्यावी.' माईकवाला नुसता समोर येईल ते वाचणारा आहे, आणि कोठीवर बसलेला सेवेकरी माईकवरून आलेला प्रत्येक शब्द मंडळाची आज्ञा मानणारा आहे. गेली किल्ली! चिठ्ठी देणाऱ्यानं कुलूप फोडलं नाही, कुणाला धाक दाखवला नाही. जिथं गावाचं नाव लिहायचं तिथं त्यानं एक आज्ञा लिहिली, आणि मध्ये एक पूर्णविराम दिला.

वायफायच्या डब्यात अगदी हेच घडतं. राउटर म्हणजे दिसायला डबा असला तरी आतून तो एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याला काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. घड्याळाची वेळ कोणाला विचारून लावायची? नेट चालू आहे की नाही हे कोणत्या पत्त्यावर हाक मारून बघायचं? आपण कोणत्या देशात आहोत? त्यासाठी रकाने असतात. डबा बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसानं घाईत असं करून ठेवलेलं असतं, की रकान्यात जे येईल ते न तपासता तसंच्या तसं आतल्या हुकमाच्या ओळीत जोडायचं. आणि आतला नियम असा, की अर्धविराम आला म्हणजे एक हुकूम संपला, पुढचा सुरू झाला. मग परका माणूस पत्ता लिहितो, अर्धविराम देतो, आणि पुढे हुकूम लिहितो: अमुक ठिकाणाहून माझा प्रोग्राम आण आणि चालव. डबा निमूटपणे आणतो आणि चालवतो. याला तज्ज्ञ लोक 'कमांड इंजेक्शन' म्हणतात. माहितीच्या आडून आज्ञा टोचणं. मांडव्यांच्या काडीची आठवण आम्हाला इथंही झाली, असो.

हे काही कल्पनेतलं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात, २७ तारखेच्या रविवारी, जर्मनीतल्या डॉइश टेलिकॉम कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. जगभरच्या राउटरांवर त्या दिवसांत एक हल्ला चालू होता, आणि त्यात परका हुकूम लिहिला जात होता तो 'वेळ कोणाला विचारायची' या रकान्यात. जर्मनीतल्या डब्यांना तो हुकूम लागू पडला नाही, पण त्या भडिमारानं ते गुदमरून बंद पडले. २०१८ मध्ये फायबरच्या नेटसाठी लागणाऱ्या एका प्रकारच्या राउटरांत असाच दोष सापडला, 'हाक मारून बघा'च्या रकान्यात. असे दहा लाखांहून जास्त डबे जगभरात लावलेले होते. २०२३ मध्ये टीपी-लिंक कंपनीच्या आर्चर एएक्स२१ या राउटरमध्ये 'देश कोणता' हाच रकाना निघाला. तिथं तर आत शिरायला डब्याचा पासवर्डसुद्धा लागत नव्हता. कंपनीनं मार्चमध्ये दुरुस्तीचा अपडेट काढला, आणि एप्रिलमध्ये ज्यांच्या घरी तो अपडेट टाकला गेला नव्हता त्यांच्या डब्यांवर हल्ले सुरू झाले.

वेळ, पत्ता, देश. किती साधे प्रश्न आहेत! यात काय धोका असेल असं कुणालाही वाटणार नाही, आणि म्हणूनच बनवणाऱ्यालाही वाटलं नसावं.

आता आपल्या बायकांकडून हमखास येणारा प्रश्न: आमच्या घरी आहे काय चोरायला? मुलं हैदराबादला नाहीतर पुण्याला, घरी आम्ही दोघं, नेटवर बघतो ते कीर्तन आणि नातवंडांचे फोटो. ते कुणी बघितले तर बघू देत.

खरं सांगायचं तर चोराला आपले फोटो नकोच असतात. त्याला आपलं घर हवं असतं. अशी लाखो घरं जमवायची आणि एका क्षणी सगळ्यांना हुकूम सोडायचा, की त्या अमुक ठिकाणाचं दार ठोठवा. लाखो डबे एकदम दार ठोठवायला लागले की ते ठिकाण बंद पडतं. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत असंच घडलं. मिराई नावाच्या प्रोग्रामनं लोकांच्या घरातले कॅमेरे आणि राउटर कामाला लावले, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी नावं काही तास अनेकांना दिसेनाशी झाली. मिराईनं बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आलेला, कुणी न बदललेला पासवर्ड वापरला. अर्धविरामाची युक्ती त्याच्या पुढच्या पिलावळीनं उचलली.

जर्मनीच्या प्रकरणाचं पुढे काय झालं तेही ऐका. एक ब्रिटिश तरुण २०१७ च्या फेब्रुवारीत पकडला गेला. कोर्टात त्यानं सांगितलं की आफ्रिकेतल्या लायबेरिया देशातल्या एका फोन कंपनीला बंद पाडण्यासाठी तिच्या स्पर्धकाकडून त्याला पैसे मिळत होते. त्यासाठी त्याला डब्यांची फौज पाहिजे होती. जर्मनीतल्या आजींना लायबेरिया नकाशात कुठं आहे ते सांगता आलं नसतं, आणि त्यांचा डबा मात्र तिथल्या माणसाचा फोन बंद पाडायच्या कामाला जुंपला जाणार होता. लायबेरियातल्या एखाद्या बाईला बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात फोन लागला नसेल का? आम्हाला तेच डोळ्यासमोर येतं.

दुसरा उपयोग याहून शांत आहे. फसवणूक करणारा माणूस आपल्या डब्यातून वाट काढून बाहेर पडतो. समोरच्याला दिसतं ते आपल्या घराचं नेट. बँकेला वाटतं, आदिलाबादच्या एखाद्या गृहस्थाचं घर आहे, भला माणूस असेल. आपल्या घरानं इतकी वर्षं कमावलेला साधेपणाच तो भाड्यानं विकतो. आणि पोलीस माग काढत आले, तर कोणाच्या दारात येतील ते सानपाड्याच्या उदाहरणानं आपल्याला दाखवलंच आहे.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत बोचलेली गोष्ट ही, की आपल्याला काहीच जाणवत नाही. दिवे तसेच लुकलुकतात. कीर्तन तसंच चालू असतं. फार तर कधी नेट मंद वाटलं तर आपण वायरमनला नावं ठेवतो. चोरी झाली की घरातलं काहीतरी कमी होतं, आपण तेवढ्यावरून ओळखतो. इथं आपलं काहीच कमी होत नाही, जे जायचं ते दुसऱ्याचं जातं. आपल्या अंगाला झळ लागत नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि तेवढ्यासाठीच हे दार वर्षानुवर्षं उघडं राहतं. दुःख आपल्याला झालं तर आपण उपाय शोधतो. आपल्या घरातून निघून दुसऱ्याला झालं, तर ते आपल्याला कोण सांगणार?

मग दोष कुणाचा?

पहिला दोष उघडच, हुकूम लिहिणाऱ्याचा. त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्यानंतर कोण? आमचं स्पष्ट मत आहे, की त्याच्यानंतर डबा बनवणारा. रकान्यात आलेलं नाव हे नावच समजायचं, त्याला हुकमाच्या ओळीत जाऊ द्यायचं नाही, ही काही नवी विद्या नाही. १० जुलै २०२४ ला अमेरिकेच्या सायबर सुरक्षा खात्यानं आणि एफबीआयनं मिळून कंपन्यांना जाहीरपणे सुनावलं, की हा दोष कसा टाळायचा हे केव्हापासून माहीत आहे, तरी तुमच्या मालात तो पुन्हा पुन्हा का निघतो? इंग्लंडात २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आला, की सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड घालून विकायचं नाही, आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ देणार ते विकतानाच सांगायचं. आपल्याकडे किराणा दुकानात मसाल्याच्या पुडीवर तारीख बघून घेतो आपण. डब्यावर अशी तारीख आजवर किती जणांनी बघितली?

त्यानंतर नेट पुरवणारा. पुष्कळ घरांत डबा आपल्या मालकीचा नसतोच, नेटवाल्यानं आणून लावलेला असतो, त्याच्या आतलं पान कसं उघडायचं हेही आपल्याला सांगितलेलं नसतं. अशा डब्याची जबाबदारी गृहिणीवर टाकणं म्हणजे भाडेकरूला भिंतीच्या पायाबद्दल जाब विचारण्यासारखं आहे.

आणि मग घर. इथं आम्ही मांडव्यांकडे परत येतो. ज्या दिवशी चोर आले त्या दिवशी ऋषींचा काही दोष नव्हता, हे राजानंही मान्य केलं. पण समजा, दुसऱ्या दिवशी राजानं निरोप पाठवला असता, की महाराज, आपल्या आश्रमाला मागून एक खिंडार आहे, चोर तिथूनच येतात, तेवढं बुजवून घ्या. आणि ऋषी तरीही हात वर करून उभेच राहिले असते. चोर पुन्हा आले असते, त्या लुटीत एखाद्या गरिबाचा जीव गेला असता. मग? आम्हाला वाटतं, त्या दुसऱ्या दिवसापासून त्यातला काही वाटा ऋषींचा झाला असता. सगळा नव्हे. चोराचा चोराकडेच राहतो, तो कुणाकडे सरकत नाही. पण वाटा येतोच. चौदा वर्षांची मर्यादा वयाला लावलेली होती. अशा गोष्टींत ती कळण्याला लावावी असं आम्ही म्हणू. सांगितलं जाईपर्यंत आपण लहान मूल. सांगितल्यानंतर चौदा पूर्ण.

यावर आमच्यातच मतभेद झाला, तोही लिहितो. एका भगिनीचं म्हणणं, मग न कळलेलंच बरं! तुम्ही हा अंक पाठवून उगाच लोकांच्या डोक्यावर दोष चढवताय. हसलो आम्ही, पण मुद्दा खरा आहे. कळू नये म्हणून कान झाकून बसणारा माणूस अजाण म्हणायचा का? दळणात किडे असतील म्हणून आपण गहू निवडतो. न बघता दळलं तर किडे दिसत नाहीत, एवढंच. खाणाऱ्याच्या पोटात जायचे ते जातातच.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. २०१७ च्या जुलैत आपल्या देशात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर हल्ला झाला. कंपनीनं सुरुवातीला सांगितलं, सुमारे २,००० मोडेम, ज्यांचा 'अॅडमिन' हाच पासवर्ड कुणी बदलला नव्हता. नंतरच्या बातम्यांत आकडा ६०,००० च्या वर गेला. हल्ला करणाऱ्यानं पैसे मागितले नाहीत, कुणाची माहिती चोरली नाही. त्याचा प्रोग्राम उघडे राहिलेले डबे शोधायचा आणि त्यांच्या आतलं सगळं पुसून त्यांची वीट करून टाकायचा. स्वतःला तो सफाईवाला म्हणवून घ्यायचा. त्याचं म्हणणं असं, की हे डबे उघडे राहिले तर मिराईसारखे लोक त्यांची फौज करतील, त्यापेक्षा मीच ते मारून टाकतो. या कामाला त्यानं इंटरनेटची केमोथेरपी म्हटलं. एक कोटीहून जास्त डबे मारल्याचा त्याचा दावा होता.

या माणसाबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. त्याचं निदान चूक नव्हतं. पण केमोथेरपी देण्याआधी डॉक्टर रोग्याला विचारतो, निदान सांगतो तरी. ज्याचा मोडेम एका रात्रीत वीट झाला त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि सांगितलंही नव्हतं. कुणाच्या दुकानाचं बिलिंग बंद, कुणाचा परीक्षेचा फॉर्म राहिला असेल. खिंडार आहे म्हणून आश्रमच जाळून टाकणं याला स्वच्छता म्हणवत नाही. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला केंद्र सरकारनं 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं होतं. तिथली रीत वेगळी: कुणाचं यंत्र बिघडलेल्या टोळीत सापडलं तर नेट पुरवणाऱ्याच्या मार्फत त्याला कळवायचं, आणि साफ करायची साधनं फुकट द्यायची. हळू आहे, सगळ्यांपर्यंत पोचत नाही, तरी आम्हाला ती रीत धर्माला धरून वाटते. आधी सांगणं, मग हाताला साधन देणं.

एका गुरुबंधूंनी मात्र आम्हाला पेचात टाकलं. म्हणाले, ताई, सद्गुरू आपल्याला आज्ञापालन शिकवतात. 'का' न विचारता आज्ञा पाळणारा तो डबा म्हणजे आदर्श शिष्यच झाला की! गमतीनं म्हणाले, पण आम्ही ते गांभीर्यानं घेतलं, कारण हा गट गुरुआज्ञेवर उभा आहे.

आज्ञा पाळण्याआधी एक पायरी असते, ती डब्याकडे नाही. आज्ञा कुणाची, हे ओळखणं. शिष्य वर्षानुवर्षं गुरूंजवळ राहतो ते या ओळखीसाठीच. त्यांचा शब्द कसा असतो, ते काय कधीच सांगणार नाहीत, हे त्याच्या अंगात मुरतं. म्हणून मग आज्ञा आली की 'का' विचारायची गरज उरत नाही. डब्याला मालकाचा शब्द आणि रस्त्यावरच्या माणसाचा शब्द सारखाच. रकान्यातून आलेलं नाव आणि आतली आज्ञा सारखीच. त्याला आज्ञाधारक म्हणणं म्हणजे वाऱ्यानं हलणाऱ्या पानाला नम्र म्हणणं.

आणि हे लिहिताना आम्हाला आपले गट आठवले. सद्गुरूंचा फोटो, खाली चार ओळी सुविचार, सगळं छान. आणि शेवटी एक ओळ: 'ही आज्ञा समजून अकरा जणांना पाठवा, थांबवल्यास अनिष्ट होईल.' किंवा, 'अन्नदानासाठी खालील कोडवर रक्कम पाठवा.' वर सुविचार, मग जणू एक अर्धविराम, मग परक्याची आज्ञा. आपला अंगठा लगेच पुढे पाठवतो. सद्गुरूंनी आजवर कधी भीती घालून काही करायला लावलंय का? आपल्या मंडळाचा प्रत्येक निरोप गटप्रमुखाकडून येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी फोटो बघून आपण हात जोडतो आणि खालची ओळ पाळतो. यात डब्याला हसायला जागा आहे का, ते ज्यानं त्यानं बघावं.

आता करायचं काय, कारण एवढं वाचून नुसतं घाबरून बसण्यात अर्थ नाही.

बऱ्याच घरांत वायफायचा पासवर्ड वेगळा आणि डब्याच्या आतल्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, हेच माहीत नसतं. पहिला आपण पाहुण्यांना देतो. दुसरा बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच असतो. तो बदलून घ्या. पण वर सांगितल्याप्रमाणे काही दोषांना पासवर्ड लागतच नाही, तिथं कंपनीचा अपडेट हाच उपाय. डबा बंद करून चालू केला तर आत शिरलेला प्रोग्राम पुष्कळदा निघून जातो. पण अपडेट नसेल तर तो थोड्याच वेळात पुन्हा येऊ शकतो, केर काढून दार उघडं ठेवल्यासारखं. बाहेरून डबा चालवायची सोय, ज्याला रिमोट मॅनेजमेंट म्हणतात, ती आपल्याला लागत नसेल तर बंद करायला सांगा. आणि डबा इतका जुना असेल की कंपनीनं त्याचे अपडेटच थांबवलेत, तर तो बदलणं हाच मार्ग. २०२५ च्या मे महिन्यात एफबीआयनं अशाच जुन्या राउटरांबद्दल इशारा दिला होता. नवा घ्यायला पैसे लागतात, आणि यंदा कापसाचे पैसे हातात येईपर्यंत सगळ्यांनाच जमेल असं नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान रात्री झोपताना डबा बंद करावा. तेवढे तास तरी तो कुणाच्या कामी येणार नाही. विजेची बचत वेगळी.

आम्हा बायकांना एक सांगायचंय. डबा आणतात पुरुष, पासवर्ड घालतो मुलगा, आणि मुलगा नोकरीला गेला की तो डबा घरात कुणाचाच राहत नाही. रोज त्याच्यावरची धूळ पुसतो आपण. तर त्याची चौकशीही आपणच करायला हरकत नाही. नेटवाला येईल तेव्हा त्याला उभं करून विचारा, याचा अपडेट शेवटी कधी टाकला? तो हसेल. पहिल्यांदा हसतोच. आदिलाबाद शहर, बेला, जैनथ, तांसी, सगळीकडची पन्नास घरं एकाच महिन्यात एकच प्रश्न विचारायला लागली की हसणं थांबेल. नेटवाल्याकडे दोष आहे असं आपण म्हणालो, तर त्याला तो सांगायचं कामही आपलंच येतं. त्याला तरी कुणी सांगितलंय?

येत्या गुरुवारी सत्संगानंतर आपल्या गटातली दोन कॉलेजची मुलं अर्धा तास थांबणार आहेत. ज्यांना मदत हवी त्यांनी डब्याच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीचा फोटो काढून आणावा. कंपनीचं नाव आणि मॉडेलचा नंबर दिसला पाहिजे. त्याच पट्टीवर पासवर्डही छापलेला असतो, तेव्हा फोटो काढताना ती ओळ बोटानं झाकावी, आणि फोटो गटावर टाकू नये, फोनमध्येच ठेवून दाखवावा. किनवट आणि पांढरकवड्याकडच्या नातेवाइकांनीही विचारलं आहे. त्यांच्यासाठी पुढच्या पौर्णिमेला वेळ ठेवू.

जय गुरुदेव.

सेवा मंडळ, महिला विभाग, आदिलाबाद